आर्वीतल्या पुतणीसाठी वाट

दादा, एसटीचं भाडं किंवा विमानतळाचं शुल्क ठरवणाऱ्या कामात बी.ए.वाल्या पुतणीनं कसं शिरावं, असं विचारलंत. अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी हवीच, मग यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा परीक्षा. वय 21 ते 30, लेखी 1000 गुण, मुलाखत 200. आपली पोरं दोन जागी अडतात: उत्तरं इंग्रजीतच लिहायची असतात, आणि सामान्य अर्थशास्त्राच्या पहिल्या पेपरात सांख्यिकी नि अर्थमिती (आकडेशास्त्रानं आर्थिक संबंध मोजणं) असते. दोन्हींचा सराव आजपासूनच लावा. निवड झाली तरी खातं सरकार देतं. वाहतूकच मिळेल असं नाही.

तोवर तिला आर्वी-वर्धा फेरीचा हिशेब मांडू द्या: डिझेल, टायर, चालक-वाहकाचा पगार, घसारा (गाडीची झीज), भागिले किलोमीटर. चूक इथंच होते. खर्च 44 आसनांवर वाटला की भाडं स्वस्त दिसतं. बसले 22, तर माणशी खर्च दुप्पट. महिलांच्या निम्म्या तिकिटाची उरलेली रक्कम सरकार भरतं, तीही उत्पन्नात धरायची. एसटीचा भाडेप्रस्ताव राज्य परिवहन प्राधिकरणापुढे जातो, मोठ्या विमानतळांचा 2008 च्या कायद्यानं आलेल्या एरापुढे (विमानतळांचे दर ठरवणारं केंद्राचं नियामक प्राधिकरण). एराचे दर-आदेश संकेतस्थळावर आहेत. एक तरी तिनं आकड्यांसकट वाचावाच, पुस्तकात हे मिळत नाही.