मदत हवी आहे: मराठी पीडीएफ एआयला वाचताच येत नाही

कोथरूडकर_सचिव:
सोसायटीच्या उपविधींची पीडीएफ आहे. पार्किंगची कलमं काढून एक बदलायचंय, रविवारी सभा. एआय सहायक म्हणतो मजकूर निरर्थक आहे. मला तर स्वच्छ मराठी दिसतंय! एडिट करायला गेलं की चौकोन उमटतात. पैसे भरलेत हो. लवकर सांगा.

तुळशीबाग:
सॉफ्टवेअर कुठलं? फाईल स्कॅन केलेली की टाइप केलेली? मनकवडे नाही आम्ही.

निवृत्त_लेखापरीक्षक:
पीडीएफमध्ये कलम बदलून काही होत नाही. सहकार कायद्याच्या कलम 13 नुसार निबंधकाकडे नोंदल्याशिवाय उपविधीतली दुरुस्ती वैध नसते.

कोथरूडकर_सचिव:
काका, ते माहितीय. मसुदाच करायचाय. फाईल डीटीपीवाल्याने दिलीय, जुनी.

बिनकामाचा_अभियंता:
तिथेच मेख आहे. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आली तर फाँट युनिकोडपूर्व काळातला (युनिकोड म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे ठरलेले कोड देणारी पद्धत). आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, फाँट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. एआय मुखवटा बघत नाही, कोड वाचतो. चौकोनांचं कारण वेगळं: बहुतेकदा फाईलमध्ये फाँटमधली वापरलेलीच अक्षरं भरलेली असतात, नवीन अक्षर आणणार कुठून?

सदाशिव_३०:
मूळ फाईल मागवा, कन्व्हर्टरने युनिकोड करा. दहा मिनिटांचं काम.

बिनकामाचा_अभियंता:
दहा मिनिटं कन्व्हर्टरला, मग तासभर तुम्हाला. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी साठवतात, युनिकोडात नंतर. रफाराचेही हाल. त्यापेक्षा ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखून मजकूर काढणं. टेसरॅक्ट फुकट आहे, मराठी येतं.

सदाशिव_३०:
हो, आणि 'घ'चा 'ध' करतं. उपविधीत आकडा चुकला तर भांडणं तुम्ही मिटवणार का?

तुळशीबाग:
गूगल ड्राइव्हवर टाका, डॉक्समध्ये उघडा, तेही ओसीआर करतं. मात्र सभासदांची यादी, पॅन वगैरे मागे जोडलेलं असेल तर ती पानं आधी काढा.

पेठी_मिसळ:
पार्किंगचं नक्की काय ठरवताय? आमच्याकडे पाहुण्यांच्या जागेत एकाची गाडी कायमची झोपलीय.

कोथरूडकर_सचिव:
कॉपी केलं, खरंच इंग्रजी कचरा आला. डीटीपीवाला फोन उचलत नाही. सॉफ्टवेअरमधलंच ओसीआर लावलं तर म्हणतं पानावर आधीच मजकूर आहे!

बिनकामाचा_अभियंता:
आहेच ना, तो कचराच त्याला मजकूर वाटतो. सगळी पानं 300 डीपीआयने चित्रं म्हणून एक्स्पोर्ट करा, त्यांची नवी पीडीएफ करा, भाषा मराठी निवडून मग ओसीआर. एआयने काढलेली कलमं छापील प्रतीशी ताडून बघा, आकडे तर नक्कीच. मसुदा मात्र वर्डमध्ये युनिकोडात टाइप करा.

निवृत्त_लेखापरीक्षक:
सभेची नोटीस कधी काढलीत? त्यात दुरुस्तीचा विषय घातलाय ना?