अडीच महिने, दोन अध्यक्ष : मावळत्या अध्यक्षाने युद्ध-तहाचे निर्णय घ्यावेत का?

उंबरठा (धागाकर्ता)

२६ नोव्हेंबर २००८ ला मी शिकागोजवळ नोकरीला होतो. सकाळचे दहा वाजून गेले असतील, ऑफिसातल्या टीव्हीवर सीएसटीचं चित्र दिसलं आणि हातातला कप तसाच राहिला. माझा भाऊ तेव्हा फोर्टात कामाला होता, रोज तिथूनच डोंबिवलीची लोकल धरायचा. त्याचा फोन लागेना. दोन तासांनी आईचा फोन आला की तो ऑफिसातच आहे, शटर ओढून सगळे आत बसलेत.

जीव भांड्यात पडल्यावर एक गोष्ट लक्षात आली. तीन आठवड्यांपूर्वी अध्यक्ष म्हणून निवडून आलेले ओबामा याच शिकागोत होते, पण शपथविधी २० जानेवारीला, त्यामुळे निर्णय घ्यायचा अधिकार मात्र वॉशिंग्टनमध्ये मावळते अध्यक्ष बुश यांच्याकडे. हल्ल्यात सहा अमेरिकन नागरिकही गेले होते. १ डिसेंबरला ओबामांनी आपली सुरक्षा फळी जाहीर केली, तेव्हा भारताबद्दल प्रश्न आला. सार्वभौम देशाला स्वतःचं रक्षण करण्याचा हक्क आहे, एवढं सांगून ते थांबले. एका वेळी एकच अध्यक्ष, ही त्यांची त्या दिवसांतली ठरलेली भूमिका होती. दोनच दिवसांनी दिल्लीला आल्या त्या बुश यांच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस.

ते सत्तांतर अमेरिकेतल्या सर्वात नीटनेटक्या सत्तांतरांपैकी मानलं जातं. पण ते नीट झालं बुश यांच्या इच्छेमुळे, आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. २०२० मध्ये मतदान ३ नोव्हेंबरला झालं, पण बायडेन यांच्या चमूला अधिकृत दार उघडलं २३ नोव्हेंबरला. डिसेंबरअखेर बायडेन उघड सांगत होते की संरक्षण खात्याकडून माहिती मिळत नाही. त्याच काळात अफगाणिस्तानातलं सैन्य २,५०० वर आणलं गेलं. जानेवारीत, शपथविधीला जेमतेम दहा दिवस उरले असताना, येमेनमधल्या हूथी बंडखोरांना दहशतवादी संघटना जाहीर केलं आणि क्यूबाला दहशतवादाला आश्रय देणाऱ्या देशांच्या यादीत परत टाकलं. हूथींचा निर्णय नव्या सरकारने फेब्रुवारीतच फिरवला. २०२५ मध्ये तोच खेळ उलट्या बाजूने झाला. बायडेन यांनी १४ जानेवारीला क्यूबाला यादीतून काढायचं ठरवलं आणि ट्रम्प यांनी २० तारखेला, पहिल्याच दिवशी, ते रद्द केलं. ज्यांच्या घरात त्या यादीमुळे परदेशातून पैसे येतात किंवा अडकतात, त्यांनी सहा दिवसांत काय समजायचं?

माझं मत: निवडणुकीनंतर मावळत्या अध्यक्षाने नव्याने सैन्य पाठवणं, काढणं किंवा असे मोठे निर्णय नव्या चमूला विचारल्याशिवाय घेऊ नयेत, आणि हे कायद्याने बंधनकारक असावं.

निशिगंध

पूर्ण असहमत.

अध्यक्षाची मुदत चार वर्षांची आहे, तीन वर्षं साडेनऊ महिन्यांची नाही. २० जानेवारीच्या दुपारी बारापर्यंत तोच अध्यक्ष. लोकांनी त्याला तेवढ्या दिवसांसाठीच निवडून दिलंय. शेवटचे दिवस तुम्ही कापले, तर जगातल्या प्रत्येक राजधानीला कळेल की दर चार वर्षांनी अमेरिकेचा हात अडीच महिने बांधलेला असतो.

आणि शेवटच्या दिवसांतलं सगळंच वाईट असतं का? १९८१ चं इराण आठवा. इराणने धरून ठेवलेले ५२ अमेरिकन ओलीस, ४४४ दिवस. कार्टर यांचे परराष्ट्र उपमंत्री वॉरन ख्रिस्तोफर वाटाघाटींसाठी अल्जीयर्समध्ये बसून होते आणि करार झाला १९ जानेवारीला. कार्टर शेवटच्या दोन रात्री जवळजवळ झोपले नाहीत. ओलिसांचं विमान सुटलं ते रेगन यांनी शपथ घेतल्यावर काही मिनिटांनी. तुमचा नियम असता तर कोणीतरी म्हणालं असतं, थांबा, नव्या लोकांना विचारू या. इराणच्या गोठवलेल्या अब्जावधी डॉलर्सचा तो व्यवहार होता, नव्यांनी पहिल्यापासून वाचायला घेतला असता तर ती माणसं तिथेच राहिली असती.

आपल्या जवळचं उदाहरण देते. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र अमेरिकेच्या निर्बंध यादीत होतं. बायडेन यांचे सुरक्षा सल्लागार जेक सुलिव्हन ६ जानेवारी २०२५ ला दिल्लीत बोलले आणि १५ जानेवारीला, म्हणजे पाच दिवस उरले असताना, ते नाव यादीतून निघालं. माझे वडील तिथेच नोकरी करून निवृत्त झाले. परदेशी उपकरणाचा साधा सुटा भाग मागवायचा तरी किती कागद रंगवावे लागायचे, हे आम्ही जेवताना ऐकत मोठे झालो. हा निर्णय तुमच्या सहमतीच्या खिडकीत अडकून पडावा असं तुम्हाला वाटतं का?

चौथा_मार्च

मूळ दुखणं निर्णयात नाही, कालावधीत आहे.

पूर्वी शपथविधी ४ मार्चला व्हायचा. नोव्हेंबर १९३२ मध्ये रूझवेल्ट निवडून आले आणि मार्च १९३३ पर्यंत हूवर खुर्चीत. युरोपकडच्या युद्धकर्जांवर दोघांचं जमलं नाही, तिकडे बँका बुडत गेल्या आणि कोणीच काही करेना. शपथविधी २० जानेवारीला आणणारी विसावी घटनादुरुस्ती त्याच हिवाळ्यात मंजूर झाली, पण तिचा उपयोग पुढच्या वेळेपासून. २० जानेवारीचा पहिला शपथविधी १९३७ चा.

ब्रिटनमध्ये ४ जुलै २०२४ ला मतदान झालं आणि ५ ला स्टार्मर पंतप्रधान निवासात होते. अमेरिकेत हे का जमत नाही? कारण तिथे नवा अध्यक्ष सुमारे ४,००० माणसं नेमतो आणि त्यातल्या हजाराहून अधिक जणांना सिनेटची मंजुरी लागते. आपल्याकडे सरकार बदललं तरी परराष्ट्र सचिव दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत असतो. तिथे अख्खा मजला रिकामा होतो. आधी ही भरती कमी करा, मग आपोआप तीन आठवड्यांत शपथविधी घेता येईल.

सह्यकडा

कारगिल विसरलात सगळे. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार एका मताने पडलं. मे ते जुलै युद्ध झालं, ते काळजीवाहू सरकारने लढलं आणि नियंत्रण रेषा न ओलांडण्याचा एवढा मोठा निर्णयही त्याच सरकारने घेतला. निवडणुका झाल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. धागाकर्त्यांच्या नियमाने वाजपेयींनी काय करायचं होतं?

उंबरठा

@सह्यकडा, कारगिलमध्ये घुसखोर आपल्या डोंगरावर होते. ती तातडी होती आणि तातडीला माझी हरकत नाही, तसं मूळ लेखात लिहायला हवं होतं, चूक मान्य. दुसरं म्हणजे तेव्हा पुढचं सरकार कोणाचं हे कोणालाच माहीत नव्हतं, विचारायचं कोणाला? अमेरिकेत उत्तराधिकारी कोण ते नोव्हेंबरातच ठरलेलं असतं. प्रश्न तिथून सुरू होतो.

@निशिगंध, भाभा केंद्राचा मुद्दा मनापासून पटला. तुमच्या वडिलांच्या पिढीने जे सोसलं ते एका सहीने संपलं, याचा आनंद मलाही आहे. पण तो निर्णय टिकला का, तर त्यावर दोन्ही पक्षांचं आधीपासून एकमत होतं म्हणून. क्यूबाचा सहा दिवसांत गेला. म्हणजे टिकणारं तेच असतं जे दोघांनी मिळून केलेलं असतं.

किल्ली

मी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. बदली झाली की चार्ज देण्या-घेण्याचे दोन दिवस असायचे. तिजोरी दोन किल्ल्यांची, एक माझ्याकडे आणि एक रोखपालाकडे. नवा माणूस आला की तिघांनी मिळून रोकड मोजायची, तारण ठेवलेल्या सोन्याच्या पिशव्यांची सीलं बघायची, रजिस्टरात शेरा आणि सह्या. त्या दोन दिवसांत मी नवं मोठं कर्ज मंजूर करत नसे. नियमाने अधिकार होता, पण वसुली दुसऱ्याला करायची होती.

एकदा मी येण्याच्या आदल्या दिवशी माझ्या आधीच्या साहेबांनी एक मोठं कर्ज मंजूर करून ठेवलं होतं. पुढची तीन वर्षं मी त्या कर्जदाराच्या दारात उभा होतो. उंबरठा यांचं म्हणणं मला तिथून कळतं.

निशिगंध

काका, तुमचा अनुभव मोलाचा आहे, पण शाखेवर कोणी क्षेपणास्त्र रोखून बसलेलं नसतं.

नव्या चमूला लवकर टेबलावर बसवण्यातही धोका आहे, त्यावर कोणी बोललं नाही. २९ डिसेंबर २०१६ ला ओबामांनी ३५ रशियन अधिकाऱ्यांना देश सोडायला सांगितला. त्याच दिवशी ट्रम्प यांचे होऊ घातलेले सुरक्षा सल्लागार मायकल फ्लिन, जे अजून पदावर नव्हते, रशियन राजदूताशी फोनवर बोलत होते. त्याआधी आठवडाभर सुरक्षा परिषदेत इस्रायली वसाहतींच्या ठरावावर अमेरिका तटस्थ राहणार होती, तर नव्या चमूची माणसं तो ठराव अडवायला इतर देशांना फोन करत होती. खासगी नागरिकाने परराष्ट्र धोरण चालवू नये म्हणून १७९९ चा लोगन कायदा आहे, त्याखाली आजवर एकालाही शिक्षा झालेली नाही. समोरच्या देशाने कोणाचं खरं धरायचं? सल्लामसलत सक्तीची केली की हे दुसरं दुकान अधिकृत होईल.

चौथा_मार्च

यात मी उंबरठांच्या बाजूने आहे. दुसरं दुकान उघडतं ते समोरच्या दारातून आत घेत नाहीत म्हणून.

उशीर किती महाग पडतो ते २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत दिसलं. फ्लोरिडाची मोजणी लांबली, निकाल लागला १२ डिसेंबरला, म्हणजे सत्तांतराचा निम्मा वेळ गेला. ११ सप्टेंबरच्या चौकशी आयोगाने स्पष्ट लिहिलंय की त्यामुळे महत्त्वाची माणसं शोधणं, त्यांची सुरक्षा चौकशी आणि मंजुरी सगळंच मागे पडलं. त्यानंतर २००४ च्या कायद्याने ही चौकशी निवडणुकीआधीच सुरू करायची सोय झाली.

निशिगंध

तोच अहवाल पुढे वाचा. दहशतवादविरोधी कामाचे प्रमुख रिचर्ड क्लार्क क्लिंटन आणि बुश या दोन्ही सरकारांत त्याच कामावर होते, म्हणजे चार्ज द्यायला-घ्यायला काही उरलंच नव्हतं. नवं सरकार आल्यावर पाचव्या दिवशी, २५ जानेवारी २००१ ला, त्यांनी लेखी मागणी केली की अल-कायदावर मंत्रिस्तराची बैठक तातडीने घ्या. ती झाली ४ सप्टेंबरला. येमेनच्या एडन बंदरात अल-कायदाच्या हल्ल्यात अमेरिकन नौदलाच्या ‘कोल’ जहाजावर १७ खलाशी मारले गेले त्याला तेव्हा जवळजवळ अकरा महिने होत आले होते. माहिती टेबलावर होती. ज्याला वाचायचं नाही त्याला कायदा काय वाचायला लावणार?

विचारून घेतलेले निर्णय टिकतात, हेही तितकंसं खरं नाही. थोरल्या बुश यांनी डिसेंबर १९९२ मध्ये सोमालियात सैन्य उतरवलं. क्लिंटन यांना आधी कळवलं होतं आणि त्यांनी पाठिंबाही दिला होता. ऑक्टोबर १९९३ मध्ये मोगादिशूच्या रस्त्यांत १८ अमेरिकन सैनिक गेले.

सह्यकडा

+१. सोमालियाला उत्तर द्या.

उंबरठा

देतो. बुश यांनी सैन्य पाठवलं ते उपाशी लोकांपर्यंत धान्य पोचवायला. मे १९९३ मध्ये मोहीम संयुक्त राष्ट्रांकडे गेली, आणि मग तिचं रूपांतर सोमाली टोळीप्रमुख ऐदीदला पकडण्याच्या कामात झालं. डिसेंबरात ज्याला होकार मिळाला होता, ते ऑक्टोबरात उरलंच नव्हतं. तरी एवढं मान्य करतो की फोनवरचा होकार म्हणजे सल्लामसलत नव्हे. मी जे मागतोय ते २००९ मध्ये घडलं होतं. १३ जानेवारीला दोन्ही सरकारांचे लोक एका काल्पनिक हल्ल्याचा सराव करायला एकत्र बसले. मग ऐन शपथविधीवर सोमाली अतिरेक्यांचा हल्ला होणार अशी खबर आली, तेव्हा २० तारखेच्या सकाळी तीच माणसं पुन्हा एका टेबलाभोवती होती. खबर खोटी निघाली. पण खरी असती तर समोरच्याला नावाने ओळखणारी माणसं तिथे होती.

किल्ली

जानेवारी २०२५ चा गाझाचा युद्धविराम धरा की. बायडेन यांचे प्रतिनिधी मॅकगर्क आणि ट्रम्प यांचे दूत विटकॉफ वाटाघाटींसाठी दोहाला शेजारी बसले आणि १५ तारखेला जमलं.

निशिगंध

जमलं, आणि कोणत्याही सक्तीशिवाय जमलं. मार्चमध्ये मोडलंही.

उंबरठा, तुमची कळकळ मला दिसतेय. पण कलम लिहून दाखवा. ‘मोठा निर्णय’ कोणी ठरवायचा, ‘तातडी’ कोणी ठरवायची?

उंबरठा

प्रयत्न करतो. नव्याने सैन्य पाठवणं किंवा काढणं, आणि एखाद्या देशाला किंवा संघटनेला दहशतवादी यादीत टाकणं किंवा काढणं, एवढ्याच दोन बाबी. निर्णयाच्या ४८ तास आधी नव्या सुरक्षा सल्लागाराला लेखी कळवायचं, त्याचं मत लेखी घ्यायचं आणि फाइलला जोडायचं. नकाराधिकार नाही, सही मावळत्या अध्यक्षाचीच. हल्ला झाला किंवा होऊ घातला असेल तर ४८ तासांची अट नाही. करार आणि भाभा केंद्रासारखे निर्बंध उठवणं यातून बाहेर, हे तुमच्यामुळे.

निशिगंध

नकाराधिकार नसेल तर माझा अर्धा विरोध मागे घेते. उरलेला अर्धा ‘होऊ घातला’ या शब्दांवर आहे. २००३ मध्ये इराकबद्दलही तेच शब्द वापरले गेले होते.

उंबरठा

हो. तो शब्द मलाही टोचतोय. उद्या वेगळा मसुदा टाकतो.