फार्मसी सोडून पोलिसांत? कंट्रोल्ड ड्रग्ज लायझन ऑफिसरचं काम नक्की काय असतं (यूके)

काउंटरवरचा_कारकून
नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये कम्युनिटी फार्मसिस्ट आहे आणि काउंटरला जाम कंटाळलोय. इथल्या पोलिसांची एक जाहिरात दिसली, कंट्रोल्ड ड्रग्ज (कायद्याने कडक नियंत्रण असलेली मॉर्फिनसारखी औषधं) लायझन ऑफिसर म्हणून, पण पोस्ट 'पोलीस स्टाफ'ची, म्हणजे वर्दी नाही, अटक करायचा अधिकार नाही, आणि फार्मसीचा अनुभव असेल तर उत्तम असं लिहिलंय. आमच्या दुकानात अशा एक बाई येतात, एक्सपायर झालेलं मॉर्फिन, ऑक्सिकोडोन वगैरे डिनेचरिंग किटमध्ये (औषध निकामी करणाऱ्या डब्यात) टाकून नष्ट करतो तेव्हा साक्षीदार म्हणून रजिस्टरवर सही करतात, दोन गप्पा मारतात, जातात. एवढंच काम असेल तर त्याला पोलीस कशाला हवेत हे मला कळेना. घरी सांगितलं तर आई म्हणे बी. फार्म. करून आता हवालदार होणार का. कोणाला आतली माहिती आहे का, दिवसभर हे लोक करतात काय?

चिवडा_मँचेस्टर
सही हा त्यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे रे. मी हॉस्पिटल फार्मसीत आहे, आमच्या भागातल्या लायझन ऑफिसरशी बऱ्यापैकी संबंध येतो. 'पोलीस कशाला' याचं उत्तर हाइडमध्ये आहे, आमच्याच ग्रेटर मँचेस्टरात. डॉक्टर हॅरोल्ड शिपमन. २००० साली १५ खुनांसाठी शिक्षा झाली, नंतरच्या चौकशीत न्यायाधीश डेम जॅनेट स्मिथनी २१५ बळी धरले. सगळं मुख्यतः डायमॉर्फिनवर, म्हणजे औषधी हेरॉइनवर. माणूस पेशंटच्या नावावर प्रिस्क्रिप्शन लिहायचा आणि शेजारच्या केमिस्टकडून स्वतःच घेऊन जायचा, कोणी घरी वारलं की उरलेल्या अँप्युल (इंजेक्शनच्या कुप्या) 'मी नष्ट करतो' म्हणून उचलायचा. आणि याला १९७६ मध्येच पेथिडीन या वेदनाशामकाच्या खोट्या प्रिस्क्रिप्शनसाठी दंड झाला होता बरं का! तरी लायसन शाबूत.

आता यातली गंमत बघ (गंमत कसली म्हणा), त्या काळीही पोलिसांचे लोक केमिस्टकडे जाऊन रजिस्टर बघायचेच. नोंदी जागच्या जागी होत्या. एकच डॉक्टर एकेक ३० मिलीग्रॅमची अँप्युल परत परत का नेतोय हे विचारायला मात्र औषधाची जाण लागते, बेरीज-वजाबाकी येऊन भागत नाही. म्हणून चौकशीच्या २००४ च्या रिपोर्टनंतर हेल्थ अ‍ॅक्ट २००६ आला, प्रत्येक मोठ्या संस्थेला एक अकाउंटेबल ऑफिसर (या औषधांसाठी जबाबदार अधिकारी) नेमावा लागला आणि लोकल इंटेलिजन्स नेटवर्क (संशयास्पद गोष्टींची माहिती एकमेकांना द्यायचे स्थानिक गट) सुरू झाली. त्या मीटिंगला एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा), केअर क्वालिटी कमिशन (आरोग्यसेवांची तपासणी करणारी संस्था), आमच्यासारखे हॉस्पिटलवाले आणि पोलीस एका टेबलाला बसतात. पोलिसांकडून येतो तो हाच तुझा लायझन ऑफिसर. काही ठिकाणी तो वर्दीतला अधिकारी असतो, बऱ्याच ठिकाणी सिव्हिलियन.

नाइटशिफ्टवाली
वॉर्डाच्या बाजूने बोलते. आमच्याकडे सीडीचं (कंट्रोल्ड ड्रग्जचं) कपाट उघडायचं म्हणजे दोन नर्स, दोन सह्या, प्रत्येक शिफ्टला बॅलन्स मोजायचा. एक अँप्युल कमी भरली की अख्खा वॉर्ड घाबरा होतो आणि त्यात कोणीतरी म्हणालं की आता पोलिसांना कळवणार, तर विचारूच नका. बहुतेक वेळा दहा मिनिटांत सापडतं, कोणीतरी चुकीच्या पानावर नोंद केलेली असते. पण भीती बसते ना. मग लोक छोट्या गोष्टी कळवायचं टाळतात. आणि खरंच चोरणारी नर्स किंवा अ‍ॅनेस्थेटिस्ट (भूल देणारा डॉक्टर) असेल तर बऱ्याचदा ती व्यक्ती स्वतः व्यसनात अडकलेली असते, तिला उपचार हवेत की कोर्ट?

दुसरं म्हणजे, पोलीस आले की सगळं उघड होतं असंही नाही. गॉस्पोर्टच्या वॉर मेमोरियल हॉस्पिटलचं प्रकरण वाचा. तिथल्या नर्सेसनी १९९१ मध्येच डायमॉर्फिनच्या सिरिंज ड्रायव्हरबद्दल (औषध हळूहळू सतत टोचणारा पंप) तक्रार केली होती. कोणी ऐकलं नाही. नंतर पोलीस तपासही झाले, तीनदा, निष्पन्न शून्य. २०१८ ला पॅनेलचा रिपोर्ट आला तेव्हा ४५० हून जास्त लोकांचं आयुष्य त्या औषधांनी कमी झालं असं निघालं. तिथे काही चोरीला गेलं नव्हतं, लिहून दिलेलं औषधच दिलं जात होतं.

चिवडा_मँचेस्टर
ताई, गॉस्पोर्टचं अगदी मान्य. पण मला वाटतं सिव्हिलियन लायझन ऑफिसर असण्याचा मुद्दा तोच आहे. १९९१ च्या त्या नर्सला स्वतःच्या मॅनेजरला वगळून फोन करता येईल असं माणूस कोण होतं? आमच्याकडे जी बाई आहे तिला मी 'अजून काही सिद्ध नाही, पण मला हे खटकतंय' असं बोलू शकतो, साध्या पोलीस स्टेशनला असं बोललो तर ते क्राइम नंबर देतील आणि विसरतील. व्यसनी स्टाफचं म्हणाल तर तीच बऱ्याचदा सांगते की हे आधी ऑक्युपेशनल हेल्थ आणि रेग्युलेटरकडे न्या, फौजदारी बाजू मी बघते. अर्थात पेशंटला मॉर्फिनऐवजी पाणी टोचलं गेलं असेल तर तिथे दयामाया नाही, आणि नसावीच.

आणि मूळ प्रश्नाबद्दल, दिवसभर काय, तर पॅटर्न शोधणं. ओरामॉर्फची (प्यायचं मॉर्फिन) साधी १० मिलीग्रॅम पाच मिलीमध्ये असलेली बाटली शेड्यूल ५ मध्ये, म्हणजे कायद्याच्या सगळ्यात ढिल्या यादीत येते, तिला कायद्याने ना कपाट ना रजिस्टर, मग गळती कुठून होणार? तिथूनच. प्रीगाबालिन (मज्जातंतूंच्या वेदनेचं औषध) २०१९ पासून शेड्यूल ३ मध्ये, तरी रजिस्टर नाही, म्हणून मागवलेला माल आणि दिलेला माल यांचा ताळा बिलांवरून बसवायचा. अर्धी अँप्युल 'वेस्ट' केली अशा नोंदी नेहमी एकाच माणसाच्या ड्युटीत का येतात. केअर होममध्ये वेदनाशामकाचा चिकटवायचा पॅच बदलल्याची नोंद आहे पण म्हातारीच्या अंगावर पॅचच नाही. खोट्या प्रिस्क्रिप्शनचा अलर्ट सगळ्या दुकानांना पाठवायचा. असलं सगळं.

शनिवारातला_केमिस्ट
पुण्यातून डोकावतोय. आपल्याकडे दुकानात येतो तो एफडीएचा ड्रग इन्स्पेक्टर, पोलीस आले की समजायचं काहीतरी मोठं बिघडलंय. एनडीपीएस (अंमली पदार्थांचा कायदा) १९८५ चा इतका धसका होता की वर्षानुवर्षं कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन मिळायचं नाही, दुकानदार म्हणायचे नकोच ती कटकट. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना राज्याच्या ड्रग कंट्रोलरकडूनच परवानगी मिळते, पण भीती कुठे जाते लगेच. त्यामुळे मला उलट विचारायचंय, तुमच्याकडे हा पोलिसातला माणूस येतो म्हणून डॉक्टर मॉर्फिन लिहायला घाबरत नाहीत का?

नाइटशिफ्टवाली
@शनिवारातला_केमिस्ट घाबरले होते की. शिपमननंतर कित्येक जीपींनी (फॅमिली डॉक्टरांनी) बॅगेत डायमॉर्फिन ठेवणंच सोडलं. घरी शेवटच्या दिवसांत असलेल्या पेशंटसाठी म्हणून आधीच औषधं लिहून घरात ठेवतात आता, डिस्ट्रिक्ट नर्स येऊन देते. आणि पेशंट गेला की ती उरलेली औषधं घरच्यांनी फार्मसीत परत आणायची असतात, अर्धी तर ड्रॉवरमध्येच राहतात. तो एक वेगळाच धागा होईल.

काउंटरवरचा_कारकून
बापरे, एवढं असेल वाटलं नव्हतं. शेड्यूल ५ चं तर डोक्यातच आलं नव्हतं, आमची ओरामॉर्फ उघड्या शेल्फवर असते. एक विचारू का, फार्मसिस्टचं रजिस्ट्रेशन टिकतं का अशा नोकरीत? आणि अधिकार नसताना कपाट उघडायला लावतात कसं?

चिवडा_मँचेस्टर
मिसयूज ऑफ ड्रग्ज अ‍ॅक्ट १९७१ च्या कलम २३ मध्ये औषध विकणाऱ्याचं रजिस्टर आणि साठा तपासायचा अधिकार आहे, तो कॉन्स्टेबलला किंवा होम सेक्रेटरीच्या आदेशाने नेमलेल्या माणसाला. तुझ्या पोस्टला त्यातलं काय मिळतं ते इंटरव्ह्यूत सरळ विचार. पण खरं सांगू, लोक दार उघडतात ते कलमासाठी नाही, तू उद्या परत येणार आहेस आणि मागच्या वेळी नीट वागला होतास म्हणून. रजिस्ट्रेशन टिकतं, दरवर्षीचं रिव्हॅलिडेशन (ज्ञान अद्ययावत असल्याचं दाखवणं) केलंस म्हणजे झालं. व्हेटिंगला (पोलिसांकडून होणारी पार्श्वभूमी तपासणी) महिनोन्‌महिने लागू शकतात, घरच्यांचीही चौकशी होते, तेव्हा हातची नोकरी सोडू नको आधीच. आणि ती बाई पुढच्या वेळी सहीला आली की तिलाच विचार ना, एक दिवस सोबत येऊ का म्हणून.

काउंटरवरचा_कारकून
मंगळवारी येतेय ती. विचारतो आणि इथे लिहितो.