‘अ’ की ‘ॲन’? एमबीबीएस, युनिट आणि इयर

शंकासुर: इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग ए, ई, आय, ओ, यू यांनी सुरू झालं तर त्याआधी ‘ॲन’, असं शाळेत घोकलं. मग ‘अ युनिव्हर्सिटी’ आणि ‘ॲन एमबीबीएस डॉक्टर’ कसं काय बरोबर?

बोरूबहाद्दर: घोकलेला नियम अर्धवट आहे. स्पेलिंग नव्हे, उच्चार बघायचा. आपल्याकडे त्यासाठी आयती कसोटी आहे: शब्द देवनागरीत लिहा. सुरुवातीला स्वर आला तर ‘ॲन’, व्यंजन आलं तर ‘अ’. युनिव्हर्सिटी, युरोपियन ‘य’ने आणि वन-वे ‘व’ने सुरू होतात, म्हणून ‘अ’. ऑनेस्ट आणि अवर (तास) यांच्या स्पेलिंगमधला एच देवनागरीत उरतच नाही, म्हणून ‘ॲन’.

आद्याक्षरांत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. एफ, एच, एल, एम, एन, आर, एस, एक्स ही व्यंजनं खरी, पण त्यांची नावं स्वराने सुरू होतात: ॲन एफआयआर, ॲन एचएससी मार्कशीट, ॲन एलआयसी पॉलिसी. उलट, अ यूपीआय पेमेंट. आद्याक्षरं सुटी न वाचता शब्दासारखी वाचत असाल तर त्या शब्दाचा उच्चार धरा: ॲन एसएमएस, पण अ सिम कार्ड. आकड्यांत 8, 11, 18 आणि 80 ते 89 यांना ‘ॲन’. 100 ला ‘हंड्रेड’ म्हणा की ‘वन हंड्रेड’, ‘अ’च.

तळटीप: ही कसोटी ‘इयर’ला दगा देते. वर्ष आणि कान यांचे इंग्रजी शब्द आपण जवळजवळ सारखेच उच्चारतो, त्यातून ‘ॲन इयर’ ही खास आपली चूक होते. वर्ष या अर्थाच्या ‘इयर’च्या आरंभी इंग्रजीत ‘य’ ऐकू येतो, साधारण ‘यिअर’ असा, म्हणून ‘वन्स अ इयर’. ‘ॲन’ लागतो तो कानाला.

काही ठिकाणी दोन्ही रूपं बरोबर असतात. औषधी किंवा स्वयंपाकातल्या वनस्पतीच्या ‘हर्ब’ला अमेरिकेत ‘अर्ब’ म्हणतात, म्हणून ‘ॲन’. ब्रिटनमध्ये ‘हर्ब’, म्हणून ‘अ’. ‘ॲन हिस्टॉरिक’ जुन्या लिखाणात भेटतं. ‘ह’ स्पष्ट उच्चारत असाल तर सरळ ‘अ’ लिहा.

शंकासुर: मध्ये विशेषण आलं तर?

बोरूबहाद्दर: लगेच पुढे असलेला शब्द ठरवतो. ॲन अम्ब्रेला, पण अ ब्लॅक अम्ब्रेला. अ युनिट, पण ॲन ओल्ड युनिट.

आणि स्वर दिसला म्हणून ॲडव्हाइस, इन्फर्मेशन यांना ‘ॲन’ चिकटवू नका. मराठीत ‘एक सल्ला’ चालतो, इंग्रजीत ही नामं मोजता येत नाहीत. ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणा, नाहीतर नुसतं ‘सम ॲडव्हाइस’.

तळटीप: मूळ रूप ‘ॲन’च, जुन्या इंग्रजीतल्या ‘एक’ या अर्थाच्या शब्दातून आलेलं. व्यंजनापुढे त्यातला ‘न’ गळला. पुढे लोकांनी सांधा भलतीकडे तोडला आणि ‘अ नेप्रन’चं ‘ॲन एप्रन’ झालं, ‘ॲन ईकनेम’चं ‘अ निकनेम’. ऑरेंजलाही या यादीत बसवणारे भेटतात, पण ‘नारंग’मधला ‘न’ इंग्रजीत पोचण्याआधीच, फ्रेंच-इटालियनच्या वाटेवर गळून गेला होता.