न्यूरोसिंथ कंपोज शिकवताना सुरुवात कुठून करायची?

धागाकर्ती:
न्यूरोसिंथ कंपोज, म्हणजे मेंदूवरच्या अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करायचं वेबवरचं साधन, यातल्या सुधारणा आणि नवी ट्युटोरियल्स पाहिली. ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी: बऱ्याच एफएमआरआय (मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते दाखवणारा स्कॅन) अभ्यासांत माणसं असतात वीस-पंचवीस, त्यामुळे एकाच पेपरवर विसंबता येत नाही. म्हणून अनेक पेपरांच्या तक्त्यांतले मेंदूतले बिंदू, म्हणजे जिथे हालचाल दिसली त्या जागांचे आकडे, एकत्र करून त्यांची दाटी कुठे होते ते पाहतात. २०११ च्या मूळ न्यूरोसिंथमध्ये पेपरांतून बिंदू उचलायचं काम संगणकच करायचा. कंपोजमध्ये पेपर आपण निवडतो, गाळतो, तक्ते तपासतो आणि मग विश्लेषण चालवतो. कोड लिहावा लागत नाही.

माझी काळजी इथेच आहे. रंगीत नकाशा आला की मुलांना काम संपलं असं वाटतं. पेपर वाचलेलेच नसतात. पहिले दोन महिने त्यांच्या हातात फक्त पेपर आणि वही द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद १, तालुक्याचा मास्तर:
साफ असहमत. आमच्या कॉलेजात स्कॅनर नाही आणि येणारही नाही. मेंदूवर खरं संशोधन करायची आमच्या मुलांना मिळालेली ही पहिली वाट आहे, तिच्यावर दोन महिन्यांचा टोलनाका कशाला?
आणि हाताने केलं म्हणजे बिनचूक, असं थोडंच असतं? जिंजरएएलई हे असे बिंदू एकत्र करायचं सॉफ्टवेअर जगभर वापरात होतं, तरी त्याच्या कोडमध्ये चुका निघाल्या. २०१७ मध्ये त्यावर पेपरही आला. बिंदू हाताने टिपणाऱ्यांचीही त्यातून सुटका नव्हती. कंपोजच्या मागे विश्लेषण करणाऱ्या नायमेअर या सॉफ्टवेअरचा कोड खुला आहे, कुणालाही तपासता येतो.

धागाकर्ती:
कोडबद्दल मान्य. पण अर्थ लावण्याचं काय? २०१५ मध्ये लीबरमन आणि आयझेनबर्गर यांनी न्यूरोसिंथच्या आधारे डॉर्सल अँटिरिअर सिंग्युलेट हा मेंदूचा भाग खास वेदनेचा आहे असं मांडलं. त्याला जोरदार हरकत घेतली ती खुद्द न्यूरोसिंथ बनवणाऱ्या ताल यारकोनी यांनी. तो भाग कितीतरी वेगवेगळ्या कामांत उजळतो. मुरलेल्या संशोधकांचा असा वाद होतो, तिथे पहिल्या वर्षाच्या मुलाने काय करावं?

प्रतिसाद २, उणे बावीस:
तक्ते तपासायची पायरी दोघांनीही घाईत ओलांडली. मी एकदा भीतीवरचे पेपर गोळा करत होते. एका तक्त्यातून संगणकाने बिंदू उचलला २२, -४, -१८. मूळ पीडीएफ उघडली तर तिथे -२२. छपाईतली उण्याची रेघ जरा लांब होती, ती गळली. पहिला आकडा डावं-उजवं सांगतो, उणे म्हणजे डावं; त्यामुळे डावा अमिग्डाला (भीतीशी जोडला जाणारा मेंदूचा भाग) उजवीकडे गेला. शेजारच्या पेपरचे बिंदू टॅलैराक पद्धतीचे, पण नोंद झाली होती एमएनआय म्हणून; मेंदूतली जागा मोजायच्या या दोन वेगळ्या पद्धती, आकडे जुळत नाहीत. नकाशा मात्र दोन्ही वेळा सुरेखच दिसला असता.
हे मला वहीने शिकवलं नाही. कंपोजमध्ये तक्ता समोर होता, बाजूला पेपर उघडा होता, तेव्हा कळलं.

प्रतिसाद १, तालुक्याचा मास्तर:
हे पटलं. येत्या सत्रात प्रत्येकाला वीस पेपर देतो. एएलई, म्हणजे बिंदूंची दाटी मोजायची पद्धत, तिच्यासाठी साधारण सतरा ते वीस प्रयोग तरी हवेत असं म्हणतातच. आधी तक्ते ताडायचे, मग बटण.

धागाकर्ती:
वीस चालतील. पण कुठला पेपर का गाळला, ते मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहायचं. त्यावरून मी हटणार नाही.