गोष्ट कळते, पण स्वाध्याय चुकतात
सोलापूरहून ज्यांनी लिहिलंय की ‘फामिलिया रोमाना’ या लॅटिनच्या पाठ्यपुस्तकातली गोष्ट समजते पण धड्याखालचे स्वाध्याय चुकतात, त्यांच्यासाठी. तुम्ही शब्दांच्या क्रमावरून अर्थ लावताय. ‘पुएल्लाम पुएर विदेत’मध्ये मुलगी आधी येते, तरी पाहतो मुलगाच, ‘पुएल्लाम’मधला ‘म’ द्वितीयेचा. विभक्ती आपल्याला शाळेपासून ठाऊक आहेत, नजर तेवढी प्रत्ययाकडे हवी. धडा दोनदा मोठ्याने वाचा, मनात मराठी करू नका. मग पहिला स्वाध्याय, ज्यात फक्त प्रत्यय भरायचे असतात, तो वहीत सोडवा. पुस्तक कोरं ठेवा, म्हणजे आठवड्याने पुन्हा करता येतो. चार-पाच चुकले तर पुढचा धडा उघडू नका. आणि स्वर दीर्घ आहे हे दाखवणाऱ्या, स्वरांवरच्या आडव्या रेघा गाळू नका: ‘रोसा’चा (गुलाब) शेवटचा स्वर लांबला की विभक्तीच बदलते.