आधी रुळाची रुंदी ठरवूया
आपल्या मॉडेल रेल्वेच्या सामायिक मांडणीसाठी सगळ्यांनी १:८७ प्रमाण (खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग) धरलं की प्रत्येकाचे तुकडे आपोआप जुळतील, असं एकाने सुचवलंय. प्रमाण मान्य, पण नॅरोगेजमध्ये, म्हणजे अरुंद रुळांच्या गाड्यांमध्ये, तेवढ्याने भागत नाही. बार्शी लाइट या जुन्या छोट्या रेल्वेचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) ७६२ मिमी होता, म्हणजे १:८७ मध्ये पावणेनऊ मिमी. बाजारातला एन गेजचा (आणखी लहान मॉडेल गाड्यांसाठीचा) ९ मिमी रूळ तिथे छान चालतो. माथेरानचा ६१० मिमी मात्र जेमतेम ७ मिमी भरतो! म्हणून सामायिक मांडणी बार्शीपासूनच सुरू करावी, असं मनापासून वाटतं.

फक्त एन गेजचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) फार दाट असतात. मी मधले प्लास्टिकचे दुवे ब्लेडने कापले, स्लीपर एकेक सरकवून एकमेकांपासून लांब केले आणि वर चाळलेली माती पसरली. तेव्हा कुठे ती छोटी लाइन वाटायला लागली.